अडीच एकरांत मटणासाठी शेळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी तालुक्यात आमची अडीच एकर जमीन, एक विहीर, तीसेक शेळ्या, दोन बोकड आणि त्या-त्या वेळी असतील तेवढी करडं. रविवारी गोठा बघायला माणसं येतात. कुणी पुण्याची नोकरी सोडून आलेलं असतं, कुणी द्राक्षबाग मोडून, कुणी निवृत्तीची रक्कम बँकेत ठेवून. पहिला प्रश्न बहुतेकांचा असतो, "मालक कुठेत?" मालक शाळेत शिकवतात. शेळ्या माझ्या आहेत. पुढचे प्रश्नही चौदा वर्षांत फारसे बदलले नाहीत, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मटणासाठी पाळायचं तर शेळी, मेंढी की आणखी काही?

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. २०१५ च्या सुधारणेपासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आहे. म्हैसवर्गावर तशी सरसकट बंदी नाही, पण रेडकू पोसायला लागणारा चारा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणजे उरतात शेळी आणि मेंढी.

दोघींचं तोंड वेगळं चालतं. मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळी मान वर करून पाला ओरबाडते, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीच्या शेंगा काढते. बांधावर बोर, बाभूळ, शेवरी, हादगा असेल तर शेळी घ्या. पड रान आणि माळ असेल तर मेंढी. पण मेंढीला फिरायला लागतं, आणि फिरवायचं कसब धनगर समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, ते चार व्हिडिओ बघून येत नाही. कमी जागेत मेंढी करायचीच असेल तर कळप ठेवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांची नर कोकरं घ्यावीत, तीन महिने पोसावीत आणि विकावीत.

कोणती जात घ्यावी?

तुमच्या भागात जी आहे ती.

आमच्याकडे उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली. बहुतेक काळी कुळकुळीत, मध्यम बांध्याची, मोठी शेळी साधारण तीस-बत्तीस किलोची. उन्हाळा सोसते आणि जुळी देते, हे तिचं भांडवल. नाशिक-नगर-पुण्याकडे संगमनेरी आहे, विदर्भात बेरारी आहे. कोकणात मात्र उस्मानाबादी नेऊ नका. तिथल्या पावसाला सिंधुदुर्गची कोकण कन्याळच टिकते. मेंढीत दख्खनी ही सगळीकडची. जत तालुक्यातली माडग्याळ अंगाने मोठी आणि नाकाने बाकदार. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तिला जुळी होतात, पण दोन कोकरांना दूध पुरावं म्हणून खुराकही द्यावा लागतो.

सिरोही, जमनापारी, बीटल फोटोत छान दिसतात. त्या अनुक्रमे राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पंजाबकडच्या. ट्रकमधून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली शेळी पहिल्या पंधरवड्यात आजारी पडते, आणि आपला कळपही आजारी पाडते. हे मी दुसऱ्या वर्षी शिकले. एका व्यापाऱ्याकडून पंधरा शेळ्या घेतल्या, त्याच संध्याकाळी जुन्या शेळ्यांत सोडल्या. आठव्या दिवशी नाकातोंडातून चिकट पाणी, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. नव्या-जुन्या मिळून एकोणीस गेल्या. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, पण खरी चूक माझी होती. तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या असत्या तर निदान जुन्या वाचल्या असत्या.

बोअरबद्दल काय मत?

दक्षिण आफ्रिकेची जात, खास मटणासाठी घडवलेली, वजन झपाट्याने घेते. शुद्ध बोअरचा कळप ठेवणं छोट्या माणसाचं काम नाही, किंमत आणि खुराक दोन्ही अंगावर येतात. उस्मानाबादी शेळीवर बोअरचा बोकड हा संकर मी करून पाहिला. करडं अंगाने भरतात, खरं आहे. पण माद्या पैदाशीला ठेवल्या तर दोन पिढ्यांत काटकपणा पातळ होतो. संकराची पिल्लं सगळी विकायची आणि मूळ कळप शुद्ध उस्मानाबादी ठेवायचा, असं आम्ही ठरवलं.

किती जमीन लागते?

जमीन नका मोजू, चारा मोजा. तीस किलोच्या शेळीला रोज वजनाच्या चारेक टक्के, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास कोरडा घटक लागतो. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे व्यवहारात हे होतं रोज तीन किलो हिरवा आणि सहा-सातशे ग्रॅम वाळला. वर्षाला एका शेळीला टनभर हिरवा आणि सव्वादोन क्विंटल वाळला. करडं धरली की दीडपट.

पाण्याखालचं हत्तीघास, फुले जयवंत किंवा डीएचएन-६ वाणाचं, गुंठ्याला वर्षभरात दीड टन आरामात देतं. दशरथ घास आणि लसूणघास वजनाला कमी, प्रथिनाला जास्त. दोन्ही मिसळून करडांसकट एका शेळीला दीड गुंठा धरा. दहा शेळ्यांना पंधरा गुंठे झाले. हे पाणी असेल तर. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जात असेल तर त्या महिन्यांत जेवढ्या जगतील तेवढ्याच शेळ्या तुमच्या जमिनीत बसतात. नवखी माणसं ऑक्टोबरचा हिरवा माळ बघून कळप ठरवतात आणि मेमध्ये कडबा विकत घेतात.

वाळल्या चाऱ्याला तूर आणि हरभऱ्याचा भुसा उत्तम. शेजारी मळणी चालू असताना पोती घेऊन उभं राहायचं. तेव्हा जवळजवळ फुकट मिळतो, उन्हाळ्यात भाव विचारू नका.

बंदिस्त की चरायला सोडायच्या?

अर्धबंदिस्त. सकाळी चारा, दुपारनंतर तीन-चार तास मोकळ्या, रात्री गोठा.

पूर्ण बंदिस्तमध्ये चाऱ्याचा सगळा खर्च अंगावर येतो आणि शेळीची खुरं वाढतात. पूर्ण चराईत पोट कधी भरतं, कधी नाही, वजनाचा हिशेब राहत नाही. शिवाय चारायचं कुठे? गायरानं आक्रसली आहेत. वनखात्याच्या रोपवनात शेळी घातली तर दंड. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी एकत्रच केली आणि डोंगर हिरवे झाले. मी शेळ्या पाळते, तरी मला ते पटतं. शेळीने कोवळा शेंडा खाल्ला की झाड खुंटतं, यात शंका नाही. म्हणून स्वतःच्या बांधावर पाला लावा आणि कापून घाला.

पावसाळ्यात दव असताना सोडू नका. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसलेल्या असतात. ऊन तापलं, गवत सुकलं की त्या खाली जातात. अकरानंतर सोडलं तरी बराच फरक पडतो. घरचा चराईचा तुकडा असेल तर त्याचे चार भाग पाडा, एकेका भागात चार-पाच दिवस चारा, आणि खाल्लेल्या भागाला महिनाभर तरी हात लावू नका.

कोणता पाला चालत नाही?

सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. त्यातल्या मिमोसीनमुळे जास्त झाल्यास केस गळतात. घाणेरी यकृत बिघडवते. बेशरमाची शेळीला चटक लागते आणि मग ती लटपटत चालते. सगळ्यात धोक्याची कोवळी ज्वारी. गुडघ्याच्या खालची, किंवा पावसाने ताण दिल्यावर आणि कापणीनंतर फुटलेली. तिला किराळ लागते म्हणतात, म्हणजे सायनाइडची विषबाधा. अर्ध्या तासात जनावर आडवं होतं आणि डॉक्टर पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फुलोऱ्यात आल्यावर तीच ज्वारी खुशाल घाला.

गोठ्याला किती खर्च करू?

जितका कमी तितका बरा. मोठ्या शेळीला छपराखाली दहा चौरस फूट आणि मोकळं अंगण वीस, बोकडाला वेगळी वीस फुटांची जागा, करडाला चार-पाच. लांबी पूर्व-पश्चिम. जमीन कोरडी आणि उंचावर. गव्हाण अशी की शेळीचं तोंड आत जाईल पण पाय जाणार नाहीत, कारण पायाखाली आलेला चारा शेळी मेली तरी खात नाही. एवढं जमलं की बाकी पत्रा असो वा पाचट, शेळीला फरक पडत नाही. दहा लाखांचा लोखंडी गोठा आणि त्यात आठ शेळ्या, असे गोठे आमच्या रस्त्यावर तीन आहेत. दोन आता गोदाम म्हणून भाड्याने दिलेत.

दहा शेळ्यांवर घर चालतं का?

नाही.

हिशेब मांडू. शेळी पाच महिने गाभण असते, व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा माजावर येते. नीट चाललं तर दोन वर्षांत तीन वेतं. वेताला सरासरी दीड-पावणेदोन करडं धरली तर दहा शेळ्यांची वर्षाला चोवीस. त्यातली तीन-चार मरतात, म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी दोन पाटी, म्हणजे तरुण माद्या, घरात ठेवायच्या. विकायला अठरा उरली, त्यात दहा नर आणि आठ माद्या. नऊ-दहा महिन्यांचा बोकड बावीस किलोचा झाला आणि समजा जिवंत वजनाला किलोमागे चारशे रुपये मिळाले, तर एका बोकडाचे आठ हजार आठशे. अशा दहा बोकडांचे अठ्ठ्याऐंशी हजार, वर पाटींचे. यातून भरडा, औषधं, लसी, भुसा आणि गोठ्याची डागडुजी वजा करा. हातात जे राहतं ते दुधाच्या एका म्हशीइतकं किंवा थोडं जास्त. जोडधंदा म्हणून छान, संसार म्हणून नाही. हेही दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी खर्चच आहे.

या हिशेबातला एक आकडा हलवून बघा: मरतूक. चोवीसांतली चार मेली तर वरचा हिशेब. दहा मेली तर तुम्ही वर्षभर फुकट राबलात, आणि नवख्या गोठ्यात दहा मरणं अजिबात अवघड नाही. माणसं मला दराबद्दल विचारतात, जातीबद्दल विचारतात. "गेल्या वर्षी किती करडं मेली?" हे चौदा वर्षांत दोघांनीच विचारलं. ते दोघंही आज टिकून आहेत.

मग करडं मरतात कशाने?

पहिल्या तीन आठवड्यांत, आणि बहुतेक चिकाअभावी. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायला काही नसतं. ते आईच्या चिकातून येतं, आणि आतडं ते पहिल्या काही तासांतच शोषून घेऊ शकतं. तासाभरात पहिला चीक, आणि चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के. दोन किलोच्या करडाला दोनशे मिली, थोडा-थोडा. वार पडेपर्यंत पाजू नये अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. माझ्या सासूबाईंची होती. त्यांच्या नकळत मी पाजायची. पुढे त्या स्वतःच रात्री उठून पाजायला लागल्या.

नाळ दोन इंचांवर कापून आयोडीनमध्ये बुडवा. तिळं झालं तर तिसऱ्याला दुसऱ्या शेळीवर लावा किंवा बाटली. सडाचं तोंड बंद नाही ना, हे स्वतः पिळून बघा. आई उभी आहे, पिल्लू लुचतंय, पण आत काहीच जात नाही, असंही होतं.

महिन्याच्या पुढे काळजी रक्ती हगवणीची. दाटीवाटी, ओली जमीन आणि लेंड्या पडलेली गव्हाण ही तिची कारणं. चुना मारा, जागा कोरडी ठेवा, आणि लहान करडं मोठ्यांत मिसळू नका.

आणखी एक गोष्ट वेळेची आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत व्यालेल्या शेळीची करडं जगवणं सगळ्यात कठीण. म्हणून मी बोकड वर्षभर कळपात सोडत नाही. मे-जूनमध्ये फळवल्या की ऑक्टोबर-नोव्हेंबरला वितात, तेव्हा चारा भरपूर आणि हवा कोरडी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळवल्या तर फेब्रुवारी-मार्च.

लसी कोणत्या आणि कधी?

पीपीआर, तीन महिन्यांच्या पुढे, एकदा टोचली की तीन वर्षं. आंत्रविषार, पहिल्यांदा दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने, नंतर दरवर्षी पावसाच्या आधी. घटसर्पही पावसाच्या आधी. लाळ्या खुरकूत सहा महिन्यांनी. देवीची लस गावात साथीचा इतिहास असेल तर. बऱ्याच लसी सरकारी दवाखान्यात मिळतात, डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं लागतं. लस बर्फात आणली का, एवढं डोळ्यांनी बघा. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. गोठ्यावर डॉक्टर बोलवायला १९६२ हा फोन आहे.

काल संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडलं. सापाने चावलं का?

दहातून आठ वेळा साप नसतो, आंत्रविषार असतो. आणि तो गोठ्यातलं सगळ्यात गुटगुटीत करडू उचलतो, म्हणून शेजारी दृष्ट लागली म्हणतात. याचे जंतू आतड्यात एरवीही थोडे असतातच. पाऊस पडून लुसलुशीत गवत आलं, किंवा कुणी लाडाने पायलीभर धान्य पुढं ठेवलं, की न पचलेला पिठूळ भाग आतड्यात उतरतो. त्यावर जंतू भराभर वाढतात आणि विष सोडतात. काही तासांत खेळ संपतो, औषधाला वेळच मिळत नाही. उपाय दोनच: मे महिन्यातली लस, आणि खुराकात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर सोडण्याआधी थोडा वाळला चारा पोटात जाऊ द्या.

जंतनाशक दर तीन महिन्यांनी द्यायचं ना?

दुकानदार तसं सांगतो, कारण तो जंतनाशक विकतो. सरसकट सगळ्यांना सारखं पाजलं की औषधाला न जुमानणारे जंत मागे उरतात, आणि काही वर्षांत बाटली कामाची राहत नाही. पावसाच्या तोंडावर आणि पावसानंतर, एवढे दोन नेमाचे. मधल्या काळात लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या.

रोजचं परीक्षण डोळ्याचं. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरी पडली तर आजच औषध. आपल्याकडचा सगळ्यात वाईट जंत पोटात बसून रक्त पितो. हगवण होईलच असं नाही, नुसती पापणी पांढरी होते आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. डोस वजनावर द्या, अंदाजाने नको. अंदाज नेहमी कमी निघतो आणि अर्धा डोस हा न दिलेल्या डोसापेक्षा वाईट. गाभणीच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळा, गर्भात व्यंग येऊ शकतं.

खुराक किती?

पोसायच्या बोकडाला रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम भरडा: मका, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा, वर थोडं मीठ आणि खनिज मिश्रण. गाभण शेळीला शेवटचा दीड महिना हाच खुराक, कारण गर्भाची बहुतेक वाढ तेव्हाच होते. बोकडाला नुसतं धान्य चारलं तर लघवीत खडे होतात. खच्ची केलेल्यात जास्त. बोकड कुंथतोय, थेंब-थेंब टाकतोय, हे बद्धकोष्ठ नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

मेंढ्या असतील तर शेळीचं किंवा गाईचं खनिज मिश्रण त्यांना घालू नका. मेंढीला तांबं सोसत नाही.

बोकड किती ठेवू?

वीस-पंचवीस शेळ्यांना एक. दर दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर जातो आणि कळप खुजा होत जातो. निवडताना जुळ्यातला घ्या, आणि त्याची आई बघितल्याशिवाय घेऊ नका.

विकत घेताना वय कसं ओळखायचं?

खालचे दात. सगळे दुधाचे तर आदत, वर्षाच्या आतलं. दोन मोठे दात म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीन, आठ म्हणजे जुळलेली. जुळल्यानंतर दात झिजायला आणि फाकायला लागतात, तिथून पुढे घेऊ नका. पैदाशीसाठी दोन ते चार दाती.

आणि पैदाशीची शेळी बाजारात घेऊ नका. चांगली शेळी कुणी बाजारात आणत नाही. तिथे येते ती फळवूनही उलटणारी, गाभ टाकणारी, एका सडाची. लोकांच्या गोठ्यावर जाऊन घ्या. जमलं तर सरकारच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावर नाव नोंदवा, आमच्या जवळ तुळजापूर तालुक्यात तीर्थला आणि सांगोला तालुक्यात महूदला आहेत. यादी लांब असते, पण जात खात्रीची.

विक्री कुठे, कधी, कशी?

कशी, हे आधी. वजनावर. दोनशे किलोचा टांगता काटा घ्या, इतका लवकर पैसा परत देणारी वस्तू गोठ्यात दुसरी नाही. व्यापारी नगावर मागतो, बाजारात अजून काही ठिकाणी उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो. त्याचा हात रोज शंभर बोकडांच्या पाठीवरून फिरतो, तुमचा वर्षातून दहांच्या. तो किलोभर चुकत नाही, तुम्ही चार किलो चुकता. जिवंत वजनाच्या पंचेचाळीस ते पन्नास टक्के मटण पडतं. पंचवीस किलोच्या बोकडाचं साडेअकरा-बारा किलो. दुकानातला दर माहीत असेल तर व्यापारी कुठपर्यंत चढू शकतो हे तुम्हाला आधीच कळतं. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, तेव्हा गिऱ्हाईक आणि खाटीक दोघांची बाजू सगळ्यांनी ऐकली. बोकड पाळणाऱ्याला काय मिळतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

कधी, तर पंचांग समोर ठेवा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, आषाढात आखाड आणि गटारी, मग श्रावणात बाजार बसतो. गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं चढउतार करत दिवाळीनंतर पुन्हा उठतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांनी थोडा मंद, थर्टी फर्स्टला तेजी. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात विकायचं राहिलं तर पुढचे दोन महिने नुसतं चारत बसाल.

बकरी ईद वेगळी. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ७ जूनला होती. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, दोन दाती असला की गिऱ्हाईक निश्चिंत असतं. व्यंग नको: मोडकं शिंग, फाटका कान, लंगडा पाय चालत नाही, म्हणून मी ईदच्या बोकडांच्या कानात बिल्ला मारताना फार जपते. खच्ची चालतो, उलट अंग भरतं म्हणून मागतात. दोन-तीन महिन्यांचा असताना डॉक्टरांकडून करून घ्या. ईदचं गिऱ्हाईक रूप बघून पैसे देतं, तिथे वजनकाट्याचा नियम मीही बाजूला ठेवते. मुंबईला देवनारच्या बाजारात न्यायचा विचार दहा बोकडांसाठी करू नका, भाडं आणि मुक्कामातच नफा जातो. सोलापूर-बार्शीतली कुटुंबं महिना-दीड महिना आधी गोठ्यावर येऊन बिसार देऊन जातात, बोकड ईदपर्यंत आमच्याकडेच राहतो.

पाटी आणि म्हाताऱ्या शेळ्या बाजारातच. सांगोला, आटपाडी, लोणंद, यवत ही नावं ऐकली असतील. एकदा रिकाम्या हाताने जाऊन नुसतं बघून या.

स्वतःच कापून मटण विकलं तर जास्त पैसे नाहीत का सुटणार?

सुटतील, पण तो वेगळा धंदा आहे. स्थानिक संस्थेची परवानगी, अन्न सुरक्षेचा परवाना, कापण्याआधीची तपासणी, शीतपेटी. आम्ही नाही केला. आणि विकण्याआधी बोकडाला अँटिबायोटिक दिलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस थांबा. जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला का द्यायचं?

अनुदान मिळतं का?

मिळतं. पशुसंवर्धन विभागाची दहा शेळ्या आणि एक बोकड अशी योजना आहे, सर्वसाधारण गटाला पन्नास टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पंच्याहत्तर टक्के. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पाचशे-पंचवीसपर्यंत गट आहेत, भांडवली खर्चाच्या निम्मं, दहा ते पन्नास लाखांपर्यंत. अडीच एकरवाल्याने या दुसऱ्या योजनेच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत. अनुदान बघून शंभर शेळ्या घेतलेला माणूस चाऱ्याच्या प्रश्नाला पहिल्या उन्हाळ्यात भेटतो. आधी स्वतःच्या पैशाने पाच शेळ्या वर्षभर सांभाळा.

विमा?

काढा. बिल्ला कानात आहे ना, हे महिन्याला बघा. मेली तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन, फोटो, आणि तो बिल्ला जपून. बिल्ला नाही तर दावा नाही.

आमच्याकडे बिबट्या आहे. शेळ्या ठेवाव्यात का?

जुन्नर, शिरूर, संगमनेरकडून हा प्रश्न नेहमी येतो. उसाच्या पट्ट्यात ठेवणार असाल तर गोठा वरूनसुद्धा जाळीने बंद हवा. नुसती सहा फुटी भिंत बिबट्याला पायरीसारखी. हल्ला झालाच तर मेलेली शेळी हलवू नका, वनखात्याला लगेच कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. आमच्याकडे बिबट्या नाही, मोकाट कुत्री आहेत. त्यांनी एका दुपारी माझी सात करडं फाडली. कुत्र्यांचा पंचनामा कोण करणार?

लेंडीखताचं काय करता?

विकत नाही. शेणखतापेक्षा त्यात नत्र जास्त, आणि आमची दीड एकर ज्वारी-तूर त्यावरच आहे. शेजारी मात्र दरवर्षी फिरस्त्या धनगरांची मेंढरं रात्रभर रानात बसवून घेतात, धान्य आणि पैसे देऊन. त्यांची ज्वारी माझ्यापेक्षा सरस येते, हे कबूल.

कापायला देताना वाईट वाटत नाही?

वाटतं. पैदाशीच्या शेळ्यांना नावं आहेत, बोकडांना नंबर. हा नियम माझ्या मुलीने मोडला आणि सतरा नंबरचा 'ढब्बू' झाला. तो आज सहा वर्षांचा आहे, खच्ची आहे, काही कामाचा नाही, आणि रोज अडीच किलो चारा खातो.

बघायला कधी येऊ?

रविवारी दहानंतर. येताना दुसऱ्या कुणाच्या गोठ्यावरून येणार असाल तर आधी आमच्याकडे या, मग तिकडे जा. दारात चुन्याची पाटी आहे, तिच्यात पाय बुडवूनच आत. पांढरा बूट घालून आलेल्या पाहुण्यांनाही.